बर्फावर अंथरलेला मांजरपाट

मी मांजरपाट बोलतोय. धामणकर नाक्यामागच्या एका कारखान्यात विणलेला आणि विणता विणताच नापास झालेला. लूमच्या तेलाचा तळहाताएवढा डाग माझ्या बरोबर मध्यावर पडला. तपासणाऱ्यानं मला ताग्यातून कापून माळ्यावरच्या कोपऱ्यात फेकलं. ज्या लूमनं तेल सांडलं तिला कुणी नापास केलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

साल १९८९. कारखाना लतीफच्या वडिलांचा. लतीफ तेव्हा कॉलेजात होता. त्याच्या मामांनी कुवेतहून एक खेळ आणला होता. खोक्यात एक इंग्रजी पुस्तक, बहुकोनी फासे आणि एका काल्पनिक देशाचं मोठं चित्र. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. त्यांचं धाडस जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

खेळ कारखान्याच्या माळ्यावर चाले, फक्त शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद असत. एरवी त्या खडखडाटात गोष्ट ऐकू येणं शक्य नव्हतं. खेळणारे चौघं. लतीफ, त्याची बहीण माजिदा, आणि कॉलेजातले दोघं, दत्तू आणि बकुळा. हे दोघं एकाच गावचे, पूर्ण्याचे. दत्तूच्या घरची भातशेती. बकुळाचे वडील पोस्टात; त्यांची बौद्धांची आळी ओढ्यापलीकडे.

खोक्यातलं चित्र मी कोपऱ्यातून दर शुक्रवारी बघत होतो. बर्फाचे डोंगर, सूचीपर्णी झाडं, टोकदार मनोऱ्यांचा किल्ला. माणसं सगळी गोरी आणि घोड्यावर. देश काल्पनिक होता ना? मग कल्पना करणाऱ्याला दुसरा डोंगर का सुचला नाही? खेळाचं पुस्तक म्हणे, वेगळं काही ठरवलं नसेल तर हाच देश धरावा. वेगळं कुणी ठरवतच नव्हतं.

त्या बर्फात दत्तूचा योद्धा सारखा मरायचा. एकदा लतीफनं सांगितलं, समोर गुडघाभर बर्फ आहे, काय करतोस? दत्तू म्हणाला, पायताण काढून हातात घेतो. चिखलात तो तसंच करायचा. नाहीतर चप्पल रुतते. लतीफनं पुस्तक चाळलं आणि त्याचे पाय गोठवून त्याला मारून टाकलं. माजिदा हसून हसून आडवी झाली.

दत्तू चिडला. "पुस्तकात लिवलंय म्हनून काय झालं? आमच्या खाचरात ये एकदा. बघू कोन मरतंय ते."

बकुळानं ते मनावर घेतलं. तिनं कोपऱ्यातून मला उचललं, झटकलं आणि घरी नेलं. मला कुणी निवडून उचलावं ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

कापड रंगवायचे उरलेसुरले रंग तिनं मिळवले आणि माझ्यावर मुलूख उभा केला. वर माहुलीचे सुळके, खाली खाडी, मिठागरं, खाजणातली झुडपं, भाताची खाचरं, बांधावरचा पळस. डागावर रंग धरेना. तिनं दोन-तीनदा पुसून पाहिलं, मग डाग तसाच ठेवून त्याचं तळं केलं. तळ्याच्या काठी एक कडुनिंब, त्याखाली तिच्या आळीतली आठ-दहा घरं, आणि पहिल्या घरासमोर तांबडा ठिपका. खेळ इथून सुरू होणार.

पुढच्या शुक्रवारी तिनं मला त्या बर्फाच्या चित्रावर अंथरलं. सगळे वाकून बघू लागले. दत्तूला त्याचा बांध सापडला तेव्हा तो लहान पोरासारखा खूश झाला. मग त्याचं बोट ठिपक्यावर थांबलं.

"ही तर तुमची आली. मदी कशाला? ती वढ्यापल्याड हाय. सुरवात गावातनं कर."

तो भांडत नव्हता. डोंगर कुठे आहे ते सांगावं तसं सांगत होता. मला त्याचाच जास्त राग आला.

बकुळानं आवाज चढवला नाही. "बर्फाचं पुस्तक तुला मान्य नव्हतं, दत्तू. मग हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"लिवायला कशाला पायजे? तसंच असतं."

लतीफ मध्ये पडला. धामणकर नाक्यावरून सुरुवात करू म्हणाला, म्हणजे कुणाचंच मन दुखायला नको. माजिदानं त्याला गप्प केलं. ज्यानं मुलूख काढला त्यानं सुरुवात ठरवायची, असं तिचं म्हणणं. दत्तू म्हणाला, मग मी न्हाय खेळत, आणि जिना उतरला. बकुळानं मला गुंडाळलं. ठिपका हलणार नाही, एवढंच म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी खेळ झालाच नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दत्तू आला. थेट माझ्यासमोर बसला. त्याच्या योद्ध्याच्या जागी शर्टाचं एक बटण असे. ते तो बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

"तल्याचं पानी कसं हाय?"

"पिऊन बघ," बकुळा म्हणाली.

लतीफनं सवयीनं फासे पुढे केले. बकुळानं त्याचा हात अडवला. "पाण्याला फासा नाही. इथं नाही."

दत्तूनं बटण ठिपक्यावर ठेवलं. "पिलो," तो म्हणाला. "आता सांग, म्होरं काय?"

पुढे दोन वर्षं खेळ चालला. मग ज्याची त्याची पोटापाण्याची वाट. कारखाना विकला गेला. पूर्ण्याच्या खाचरांवर भराव पडला, गोदामं उठली, ओढा त्याखाली गेला. ओढा गेला म्हणून पलीकडचे अलीकडे आले, असं मात्र समजू नका.

आता १९९८ चाललंय. बकुळा शाळेत चित्रकला शिकवते आणि मी तिच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. देखावा काढा म्हटलं की मुलं आजही दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मध्ये सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी. त्या झोपडीत कोण राहतं ते एकालाही सांगता येत नाही. मग बकुळा माझ्याकडे बोट करते आणि विचारते, "तुझं घर काढलंस का? कुठे काढलंस?" वर्ग कामाला लागतो.

माझे काठ विरलेत, माहुली फिकी पडलीय. माझं मागणं एकच. चित्र काढा, खेळ मांडा, गाव वसवा, पण पहिलं घर कुणाचं आणि कुठे, हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. परवा शिपाई मला धुवायला न्यायला आला होता; डाग घालवतो म्हणाला. बकुळानं त्याला परत पाठवलं. तिनं परत पाठवलं नसतं तरी डाग गेला नसता. ते तळं आहे, आणि ते मधोमधच राहणार.