जवस नावाचे दोन संगणक

सर्व्हरला जोडलेल्या संगणकासमोर बसलेला माणूसही सर्व्हरला जोडला जात होता. हेमांगीच्या हे तिसऱ्या टेबलापाशी लक्षात आलं. पण बियाणे तपासणी कार्यालयातले अकराच्या अकरा संगणक पाचच्या आत डोमेनमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यात, घ्यायचे होते, तेव्हा चर्चा कुणाशी करणार? ती पुढे सरकली.

या कार्यालयात संगणकांना पिकांची नावं द्यायची पद्धत होती. तूर, हरभरा, करडई. नाव टाइप केलं की पडद्यावर स्वागताची पाटी येई, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि समोरचा माणूसही तेवढा वेळ डोळे मिटून घेई. डोळे उघडले की त्याला बाकीच्यांचं सगळं ठाऊक असे. करडईवरच्या लोखंडेबाई वाक्य सुरू करत आणि तुरीवरचे गव्हाणेसाहेब ते पुरं करत. जोडणीगणिक खोलीला एक खिडकी वाढत होती. हवा मात्र छान येत होती.

चौथ्या टेबलावर शैलाताई होती, हेमांगीची थोरली बहीण. आईमागे तिनेच हेमांगीला लहानाचं मोठं केलं होतं आणि हे कामही तिनेच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. तिच्या संगणकाचं नाव जवस.

नवव्या टेबलापर्यंत हेमांगीचे डोळे जड झाले आणि तिने पुन्हा जवसच टाइप केलं. सर्व्हरने हूं का चूं न करता ते घेतलं. एका नावाचे दोन संगणक तो ठेवत नाही. नव्याला धरतो, जुन्याला सोडतो.

शिपाई चहा घेऊन आला आणि ताईच्या टेबलातून आरपार चालत गेला. हेमांगी धावत चौथ्या टेबलापाशी आली. ताईच्या बोटांतून खालचा कीबोर्ड दिसू लागला होता.

"हेमांगी, माझ्यावर विश्वास राहिला नाही असं इथे पडद्यावर लिहून आलंय," ताई म्हणाली.

"चूक माझी आहे गं. तुला बाहेर काढून नव्या नावाने जोडते. जोडायच्या आधीचा तुझा पासवर्ड सांग."

"आधी काय होतं?" ताईने विचारलं.

तो पासवर्ड ताईने पंधरा वर्षांपूर्वी ठेवला होता. तेव्हा हेमांगी आठ वर्षांची होती आणि शाळा सुटली की याच टेबलापाशी उभी राहून डबा खायची.

तीनच वेळा पासवर्ड टाकायची मुभा होती. हेमांगीने आईचं नाव टाकलं. मग गावाचं. ताई खांद्यापर्यंत विरली.

"चौथं टेबल रिकामं आहे," बाकीचे सगळे एका सुरात म्हणाले. "ते उचलून घ्या."

हेमांगीला रडू फुटलं. ताईशिवाय तिला जगात कुणीच नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने ठकी असं लिहिलं. या नावाने तिला फक्त ताईच हाक मारत असे, तीही लहानपणी.

संगणक उघडला. ताईचे हात परत आले, बांगड्यांसकट. तिने वळून पाहिलं, पण हेमांगीच्या तोंडाकडे नाही. बरंच खाली, आठ वर्षांच्या मुलीचं डोकं येईल तिथे.

"ठके, डबा संपवलास का गं?" असं म्हणून तिने तिथल्या रिकाम्या हवेवरून मायेने हात फिरवला.

पडद्यावर नव्या नावासाठी चौकट उघडली होती.

"नाव द्या," सगळे म्हणाले.

हेमांगी फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने त्या हाताखाली डोकं नेलं.