चाळीस अक्षरांत न मावलेला माणूस

मित्रांनो, दगडाच्या खाणीच्या ऑफिसात मी पंचवीस वर्षं राबलो. मी कॉम्प्युटरवर चालणारा एक जुना प्रोग्रॅम. बोगद्यात कोण उतरलं आणि कोण वर आलं, एवढंच मी सांगायचो. पण माझी यादी रिकामी दिसल्याशिवाय सुरुंग उडत नसे.

मला लिहिणारे दाढीवाले काका हुशार, पण घाईचे. तेव्हा प्रत्येक कामगाराची नोंद चाळीस अक्षरांची होती. काकांनी तो आकडा खिळ्यासारखा माझ्या अंगात जागोजाग ठोकून दिला आणि ते निवृत्त झाले. पुढे सगळ्यांनी माझं कौतुक केलं, उघडून मात्र कुणी पाहिलं नाही.

मग कामगारांना नवी हेल्मेट मिळाली. हेल्मेटच्या नंबरामुळे प्रत्येक नोंद दोन अक्षरांनी वाढली. ऑफिसातल्या इंजिनिअरबाईंनी दिवसभर मान मोडून माझ्यातल्या चाळीसचे बेचाळीस केले. एक चाळीस राहून गेला, नेमका आतल्या माणसांची यादी करणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुंगवाल्याचा फोन आला. "बाई, आत कुणी आहे का?"

"यादी रिकामी आहे, दादा. उडवा."

बोगदा रिकामा नव्हता. मी चाळीस-चाळीस अक्षरं तोडून वाचत होतो. पहिल्या नोंदीची उरलेली दोन अक्षरं दुसरीच्या डोक्यावर बसली, दुसरीची चार तिसरीच्या. 'आत' ही खूण जिथे हवी तिथे मला भलतंच काही दिसलं आणि मी ती माणसं बाहेर धरली. त्यांत सुरुंगवाल्याचा धाकटा भाऊ होता.

सुरुंग उडाला आणि ऑफिसच्या काचा खळकन फुटल्या. धुळीत माणसं फावडी घेऊन धावली. धाकट्याला ओढून काढलं, तेव्हा त्याची छाती चेपली होती. त्याच्या सोबत्याचा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. सुरुंगवाल्याने भावाच्या तोंडातली माती बोटाने काढली, हाक मारली, पुन्हा मारली. मग पहार उचलून तो थेट ऑफिसात घुसला.

"उडवा म्हणालीस! तूच म्हणालीस ना?"

पहिला घाव माझ्या पडद्यावर बसला, दुसरा कपाटावर. बाई मध्ये पडल्या आणि तिसऱ्याने त्यांचा हात मोडला. हाडाचा आवाज खोलीभर ऐकू आला. चौघांनी दाबून धरलं, तरी तो रक्त येईपर्यंत लादीवर कपाळ आपटत राहिला.

खाण बंद पडली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बाईंनी मला उघडलं. एका हाताने टाइप करत त्यांनी प्रत्येक चाळीस उपटला, आणि प्रत्येक बेचाळीससुद्धा. आता वाचण्याआधी मी फाइललाच विचारतो, तुझी एक नोंद केवढी?

एके सकाळी जामिनावर सुटलेला सुरुंगवाला दारात उभा राहिला. बाई दचकून मागे सरल्या.

"मारायला नाही आलो. मी आत उतरतो. मला शोधून दाखवा."

बाईंनी मुद्दाम नोंदी आणखी लांबवल्या. तो एकटा बोगद्यात गेला. माझ्या नव्या पडद्यावर एकच नाव उमटलं, त्याचं, आणि पुढे 'आत'. बाईंनी फोन लावला. "दिसताय, दादा. या वर."



"त्यालाही असंच बोलवायचं होतं, बाई," तो म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारखं काही लिहाल तेव्हा आजची लांबी त्यात ठोकून बसवू नका, ती वाढणारच. आणि जुना प्रोग्रॅम मुकाट चालतोय म्हणून त्याला उघडायचं टाळू नका. दोन अक्षरांची जागा चुकली, की त्यांच्यापुढची सगळी माणसं हरवतात.