तुळईखालच्या फळीवरची माणसं

सेनोबियाचे हात आता तिला न विचारताच चित्र काढत. दूर लिमा शहरातल्या दुकानासाठी ती छोट्या पाट्या रंगवायची. मका खुडणारी माणसं, तेच गोल चेहरे, त्याच टोप्या. दुकानदाराला तेच हवं असे आणि तिलाही वेगळं काही सुचेनासं झालं होतं. संध्याकाळी मानेला कळ लागली की ती रंगवायचं पीस धुऊन ठेवायची आणि भिंतीला टेकून नुसती बसायची.

अशाच एका संध्याकाळी तेओफिलो दारात आला.

"सेनोबियाताई, रुफो आणि देलियाच्या घरावर छप्पर चढतंय. त्यांच्या लग्नातला धर्मबाप मी, तेव्हा फळी माझ्याकडूनच जायला हवी. रंगवशील ना?"

गावात नवं घर झालं की धर्मबापाने उंच फळी द्यायची. खाली देवीमाता, वर सूर्य-चंद्र आणि मधे घरातली सगळी माणसं आपापल्या कामात. ती छपराखाली तुळईला बांधली की मगच कौलं चढत. सेनोबियाचे वडील एवारिस्तो अशाच फळ्या रंगवत. ती "हो" म्हणाली, तिने घरी बसूनच त्याच्याकडून सगळ्यांची नावं विचारून घेतली आणि फळी रंगवून टाकली.

रविवारी बासरी-ढोलाच्या तालावर फळी खांद्यावरून अंगणात आली. मक्याची दारू फिरली. रुफोची आई फाउस्तीना फळीवर वाकली.

"यातली मी कोणती?"

"ती काय, टकळी फिरवतेय ती," सेनोबिया म्हणाली.

"टकळी हिच्याही हातात आहे आणि तिच्याही. तोंडं तर एका साच्यातली! आम्ही काय विटा आहोत?"

रुफोचा मामा सिप्रियानो पुढे झाला. त्याचा एक पाय लंगडा. "मी तर इथे नाचतोय! ताई, पाय बरा केलास गं माझा. उद्यापासून तूच गावची वैदू!"

सगळं अंगण हसलं. फाउस्तीना हसली नाही.

"ही फळी वर जाणार नाही. जिथे माझं तोंड नाही, त्या घरात मी झोपणार नाही."

तेओफिलोचा चेहरा पडला. धर्मबापाची फळी परत गेली, तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. कौलं चढवायला आलेले गडी खाली बसले.

सेनोबियाला राग आला. लिमात कुणी कधी तक्रार केली नव्हती. मग तिच्या ध्यानात आलं, की तिथे कुणी त्या चित्रांत स्वतःला शोधतच नव्हतं. वडील फळी हातात घेण्याआधी त्या घरी जाऊन बसत, जेवत, गप्पा मारत. तिला तेव्हा तो त्यांचा आळस वाटे. या घराचा उंबरा ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

"पांढरी माती आणा," ती थकल्या आवाजात म्हणाली. "आणि मावशी, तुम्ही अशा समोर बसा."

टकळीवालीचा चेहरा तिने त्या मातीच्या लेपाने पुसून टाकला आणि फाउस्तीनाकडे पाहत राहिली.

"एवढं काय बघतेस?"

"आधी बघितलं नाही ना, म्हणून."

पिसाची पहिली रेघ सवयीने गोल गेली. तिने ती पुसली. दुसरीही गोल गेली. हात ऐकेना. तिने डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला. मग कुठे रेघ गालापाशी आत वळली, ओठाखाली दुमडली आणि एक भुवई वर चढली.

फाउस्तीनाने वाकून पाहिलं. "एवढी म्हातारी झालेय होय मी?"

"झालात."

"मग ठीक. दात काढू नकोस. नाहीतच."

सिप्रियानोला तिने अंगणातून चालायला लावलं, परत बोलावलं, पुन्हा चालायला लावलं. उन्हं डोंगराआड गेली तरी फळीवर तेवढी दोनच माणसं ओळखू येत होती. गडी उठून गेले.

"ताई, उद्या होईल?" तेओफिलोने हळूच विचारलं.

"नाही होणार. पाठ मोडलीय माझी. जेव्हा होईल तेव्हा होईल."

फाउस्तीनाने फळी दोघांना उचलायला लावली. "आत नेऊन घोंगडीखाली झाकून ठेवा, दव पडेल. आणि तू कुठे निघालीस गं? इथेच राहा. सकाळी आमच्या सुनेला चुलीपाशी पाहा, तेव्हा खरी दिसते. दुपारी लोकांसाठी चेहरा करते."

"मी ऐकतेय हं," आतून देलिया ओरडली.

सेनोबिया पांघरूण मागून घेत, कौलं न चढलेल्या, उघड्या आभाळाखालच्या त्या घरात शिरली.