फिदेन्सियोची मेणबत्ती
फिदेन्सियो खेचराच्या लाथेनं गेला, तेव्हा त्याची बायको कासिल्दा लोकलाजेस्तव रडली आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. खेचरानं न्यायच केला, असं तिला मनापासून वाटलं. बाप घरात असला की छोटी ओतिलिया टेबलाखालून बाहेर यायची नाही. आता ती अंगणभर हुंदडत होती.

पण मृतांचा सण तोंडावर आला. त्यांच्या गावात पहिल्या वर्षीच्या मृतासाठी बायकोनंच मेणबत्ती करायची, त्याच्या आवडीच्या वासाची. विकतची चालत नाही. त्या वासामागं मेलेला माणूस घरी येतो, असं कासिल्दा लहानपणापासून ऐकत आली होती. फिदेन्सियोला निशिगंध आवडायचा. वासच नसला तर मेला येईल कसा, असा तिनं साधा हिशोब केला.

सासू, एदुविहेस, मेणबत्त्यांच्या कामात मुरलेली. "मेण चुलीवरून उतरव, वाफ जाऊ दे," ती बजावत होती. "कडेला साय धरली की मगच अत्तर-तेल घाल. उकळत्यात ओतलंस तर वास आढ्याला जाईल आणि तुझ्या हाती धुपाटणं."

"हो, आई."

"मग फडक्यात गुंडाळून पेटीत ठेव, मुरू दे. आणि सारखं झाकण उघडून बघू नकोस. नवी नवरी नाही ती!"

सासू झेंडू आणायला शेतावर गेली आणि कासिल्दानं चुलीवरच्या उकळत्या मेणात सगळं तेल ओतलं. वास घरभर उसळला तसा तिनं शालीच्या पदरानं वारा घालून खिडकीबाहेर हाकलला. तयार मेणबत्ती तिनं गुपचूप छपरावर उन्हात टाकून ठेवली, आणि सणाच्या आदल्या दिवशी साळसूदपणे पेटीत घातली.

सणाच्या दुपारी चर्चची घंटा झाली. टेबलावर मक्याचे वाफवलेले तमाले, मोलेचा तिखट रस्सा आणि मेस्काल दारूचा पेला मांडला होता. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली होती. सासूनं मेणबत्ती पेटवली, वाकून हुंगली, पुन्हा हुंगली.

"उकळत्यात ओतलंस ना?"

कासिल्दा तिच्यासमोर उभी राहिली. "ओतलं. मारा हवं तर. पण तो मला या घरात नकोय!"

सासू टेबलाशी बसली. "मीही ओतलं होतं, पोरी. तुझ्या सासऱ्याच्या वेळी. त्याचाही हात असाच उठायचा."

"मग? नाही ना आले ते?"

"घरची वाट मेलेल्याला दाखवावी लागते होय? ती त्याला पाठच असते. वास लागतो तो परत जायला. माग धरून जायला काही नसलं की मेलेले इथंच राहतात." सासूनं आपल्या खोलीकडं पाहिलं. "रात्री माझ्या खोलीचं दार वाजतं, तो वारा वाटतो तुला?"

कासिल्दानं फुंकर मारायला तोंड पुढं केलं. सासूनं तिचं मनगट धरलं आणि दाराकडं बोट केलं. वारा पडलेला होता. तरी रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्या न दिसणाऱ्या पावलांखाली एकेक करत चेंगरल्या होत्या. कासिल्दाला इतकी भीती तो जिवंत असतानाही वाटली नव्हती.

"पोरीला अंगणातून आत बोलाव," सासू हळूच म्हणाली. "बाप आलाय, हे तिला माझ्या तोंडून कळू दे."