एकतीस सप्टेंबर

तीस सप्टेंबर अठ्ठ्याहत्तरची सकाळ. घनश्यामजी चहा पिता पिता लेकीला म्हणाले, "चंद्रकला, मी चिखल्याले एक घड्याळ पाहाले जाऊन राहिलो. उद्या सकारी तारखेचा काटा एक घर सरकवजो."

चंद्रकलाने पुस्तकातून मान वर केली नाही.

जुनी घड्याळं पारखणं हा त्यांचा छंद. साकोलीच्या घरात सात होती. तारीख दाखवणारं एकच. संध्याकाळी चिखल्याहून त्यांचं प्रेत आलं. छातीत कळ आली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली, तेव्हा शेजारच्या शकुनबाईंचं लक्ष भिंतीकडे गेलं. काटा एकतीसवर होता.

"सप्टेंबरले एकतीस तारीख कुठून आली, बाई?"

तिसऱ्या दिवशीही घड्याळ एक दिवस मागेच. निम्मं गाव दारात उभं होतं. मठातले खुशाल महाराज आले, डोळे मिटून डोलले.

"मेल्या माणसानं एक दिवस धरून ठेवला. तो भरून द्याले यम घरातलंच माणूस नेते. घड्याळ मठात द्या, मी बांधून टाकतो."

आईने, कुंताबाईने, त्या वेळेपासून पाणीही घेतलं नाही. भुताखेतांना हसणारी चंद्रकलाही भिंतीकडे पाठ करून बसली. मागची टिकटिक तिला मोजल्यासारखी ऐकू येत होती.

चौथ्या दिवशी सकाळी महाराजांनी येऊन घड्याळ उतरवलं, मागे चिकटवलेला कंपनीचा कागद निरखला. "लोलक मूळचाच आहे ना? चाबी कुठी आहे?"

चंद्रकला दचकली. भाव करायला आलेली गिऱ्हाइकं बाबांना हेच विचारत. आणि मग ती सकाळ आठवली.

"यमाले चाबी कायले लागते, महाराज?"

कोणीतरी खुदकन हसलं. तिने काच उघडली. तिने काटा बोटाने ढकलला: दोनवरून तीनवर.

"तबकडीमागं एकतीस दात्यांचं चाक आहे. रोज एक दाता सरकते. महिना तिसाचा की एकतीसचा, त्याले समजत नाही. वर्षातून पाच वेळा बाबा हातानं काटा पुढं नेत. तुमी कोणी पाहिलं नाही, म्हणून चमत्कार झाला. भ्याच्या आधी घड्याळ उघडून पाहा."

महाराज चपला शोधू लागले.

"पण यंदा कायले राहिला काटा?" शकुनबाईंनी विचारलं.

चंद्रकलाने आईसमोर पाण्याचा पेला धरला.

"बाबांनी मले सांगतलं होतं, आई. त्यायचा तो शेवटचा शब्द होता. मी हो सुद्धा म्हटलं नाही."