हातात काय आहे?

मित्रांनो, मी प्लायवूडचा माणूस आहे. पुण्यातल्या एका लष्करी सराव मैदानावर मला लोखंडी दांड्याला बोल्टने जखडलं आहे. दांडा फिरला की मी सरावासाठी उभारलेल्या खोट्या घराच्या दारात येतो. मला पळता येत नाही, की ओरडताही येत नाही.

कसबा पेठेतल्या कादर पेंटरने मला रंगवलं. "हातातली वस्तू पटकन ओळखू येता कामा नये," असं सुभेदार ज्ञानदेवांनी त्याला बजावलं होतं. कादरने आपल्या सुतार भावाला, अझीमला, ड्रिल मशीन घेऊन उभं केलं आणि हुबेहूब उतरवलं.

"चेहरा कोणाचा हो?" मला न्यायला आलेल्या सुभेदारांनी विचारलं.

"भावाचा. दुसरं कोण फुकट उभं राहणार, साहेब?"

कादर हसला खरा. पण गाडीत चढवताना त्याने माझ्या तोंडावर पोतं टाकलं.

मैदानावर माझं फार कौतुक झालं. अगदी खरा वाटतो, म्हणत जवान. रणजित नावाच्या नव्या जवानाने तर मला पाहताक्षणी गोळ्या घातल्या.

"बघ कोणाला मारलंस. सुतार होता तो," सुभेदार म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी गुपचूप माझ्या हातावर पिस्तुलाचं चित्र चिकटवलं. ओळखीचा चेहरा पाहून रणजितने बंदूक खाली केली.

"मेलास!" सुभेदार ओरडले.

"मग करू तरी काय, साहेब?" रणजित रडकुंडीला आला.

"चेहरा नको, हात बघ," एवढंच सुभेदार म्हणाले.

मग रणजित सीमेवर गेला. माझी भोकं पुट्टीने बुजवली, रंग उडाला, कोणी पुन्हा दिला नाही. एके दिवशी तो परत आला, तेव्हा त्याचा खांदा प्लास्टरमध्ये होता.

"दारात एक माणूस होता, साहेब. हातात काहीतरी काळं. 'हात वर कर' म्हणून ओरडलो, त्याला माझी भाषा कळेना. मी थांबलो."

"मग?"

"बॅटरी होती. घरातले दिवे गेले होते, म्हणून घेतलेली. पण मी त्याच्याकडे बघत असताना खिडकीतून दुसऱ्याने मला गोळी घातली."

"पुन्हा थांबशील?"

"तो माणूस जिवंत आहे, साहेब," रणजित म्हणाला.

तेवढ्यात शिट्टी झाली. नवी तुकडी आली होती. दांडा कुरकुरला आणि मी पुन्हा दारात आलो.

मित्रांनो, माझे हात रंगवलेले आहेत, ते वर होत नाहीत. ज्याचे होऊ शकतात, त्याला तेवढा वेळ द्या.