सेलमला गेलेला टॉवेल

“आता रेश्माताई, तुम्ही सांगा. तुम्ही रोज काय करता?”

पायलने खडू फळ्याच्या कडेला ठेवला. रेश्माने पदर सारखा केला, चटईकडे बघितलं आणि एका दमात म्हणून टाकलं, “आय विल मिल्क द बफेलो. आय विल कुक. माय हजबंड विल लिव्ह इन सेलम.”

“आवं, तुमचे मालक सेलमला राहणार आहेत का राहतात?”

“राहत्यात की. लग्नाच्या आधीपासनं राहत्यात.”

“मग विल कशाला लावलं?”

“विल लावलं की जरा इंग्रजी वाटतं,” रेश्मा म्हणाली, आणि चटईवरच्या बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्या गलाईवाल्यांच्याच घरच्या. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचा धंदा, त्याला इकडे गलाई म्हणतात. विट्याच्या आसपासच्या गावांतले पुरुष त्यापायी देशभर पांगलेले, कुणी थेट तिकडे दक्षिणेत सेलमला, आणि बायका बऱ्याचशा इथंच.

“हे बघा,” पायल म्हणाली, “जे रोज घडतं, ठरल्यासारखं घडतं, त्याला विल नको. म्हैस दूध देते. गलाईवाले जत्रेला गावी येतात. त्यात कुणी काही नव्यानं ठरवायचं नसतं. आणि जे अजून व्हायचंय, जे आपण मनानं कबूल करतो, त्याला विल. मी फोन करीन. मी उद्या येईन.”

“पर आपन तर ‘उद्या येतो’ असंच म्हनतो की,” कोणीतरी म्हणालं.

“तिथंच तर सगळ्या अडकता. मराठीत ‘येतो’ म्हटलं की रोजचंही चालतं आणि उद्याचंही चालतं. इंग्रजीत तसं भागत नाही. आधी मनाशी ठरवायचं, रोजचं का उद्याचं.”

उंबऱ्यावर राहीबाई शेंगा फोडत बसली होती. रेश्माची सासू. तिने हातातली शेंग तशीच धरून विचारलं, “व्हय गं पायल, ‘तुला न्हेतो’ ह्ये कशात बसतंय?”

“कोण कुणाला नेतो, मावशी?”

“कुनी का कुनाला न्हेईना. नुसतं ‘न्हेतो’.”

“अजून नेलं नसेल तर विल.”

“आन् कवाच न्हेलं न्हाई तर?”

पायल म्हणाली, “तरी विलच, मावशी.”

“मग आमच्या मालकानं सारा जलम विलमधीच काढला म्हन की.”

या वेळी हसू चांगलं मोठं झालं. राहीबाईही हसली. मग तिने ती शेंग फोडली, दाणे डब्यात टाकले आणि टरफल मुठीत चुरडत राहिली.

पायल ही शेजारच्या पारूबाईची नात. डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत बसलेली. पारूबाईच्या ओट्यामागच्या खोलीत तिने हा वर्ग काढला होता. परगावी इंग्रजी शाळेत पोराला घालायचं तर आईबापाचीही मुलाखत घेतात, ही नवीनच पद्धत निघाली होती. विश्वजीतने, म्हणजे राहीबाईच्या मुलाने, फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “रेश्मा चार वाक्यं बोलली तर पोरगीला शाळा मिळंल. शाळा मिळाली तर तुमाला हिकडं आनतो.”

राहीबाई सुनेच्या मागे वर्गाला यायला लागली ती काही शिकायला नव्हे. सून कुठं जाते, काय करते ते बघायला. आणि खरं सांगायचं तर, हे काही जमायचं नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. नात आणि सून गेल्यावर घरात उरणार काय? ती आणि म्हैस. पहिल्या दिवशी पारूबाईने चहा पुढं केला तेव्हा “आत्ताच पिऊन आले” म्हणून तिने टाळला होता, आणि बसली होती तीही उंबऱ्याच्या बाहेर. काही दिवसांनी चहा घ्यायला लागली. मग तोच चहा थोडा गोड कर म्हणून सांगायला लागली. उंबरा मात्र ओलांडला नव्हता.

पण कान काही उंबऱ्याशी थांबत नाहीत. रेश्मा धार काढताना म्हशीच्या पोटाला डोकं टेकून वाक्यं घोकायची, आणि राहीबाई वैरण टाकता टाकता म्हणायची, “विल नगं तितं. रोजचं हाय त्ये.” बोलून झाल्यावर आपणच का सांगितलं म्हणून तिला स्वतःचा राग यायचा.

गोठ्यातल्या खुंटीवर एक टॉवेल लटकलेला असे. सोलापुरी, जाड, एकेकाळी पोपटी असलेला. म्हैस व्याली की रेडकू पुसायला तोच. रेश्माला वाटे, जुनं फडकं आहे.

तो राहीबाईच्या लग्नातल्या आहेरातला. विश्वजीत अंगावर पीत होता तेव्हा एकदा कृष्णात, तिचा नवरा, तिला खरंच न्यायला निघाला होता. विट्याच्या स्टँडवर मिरजेची गाडी लागली. कृष्णात ट्रंक घेऊन टपाकडे गेला, आणि राहीबाईने खिडकीतून कोरा टॉवेल सीटवर टाकून जागा धरली. आपल्या हाताने आपल्यासाठी धरलेली पहिली जागा. ती गाडीत चढली, बसली, पोराला मांडीवर घेतलं. तेवढ्यात दीर सायकल दामटत आला. म्हैस व्यायला झालीय, आईला एकटीला आवरायचं नाही, वहिनीला चार दिवसांनी धाडू. कृष्णात आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने तिला हाताला धरून उतरवलं, तिची ट्रंक उतरवली आणि म्हणाला, “पुढच्या खेपंला न्हेतो.” एकट्या कृष्णातला घेऊन गाडी सुटली तेव्हा टॉवेल सीटवरच राहिला होता.

पुढच्या जत्रेला तो टॉवेल घडी घालून परत आला. त्याला गलाईच्या तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास होता आणि एका कोपऱ्यात तेजाबाने पडलेलं भोक. कृष्णात हसून म्हणाला, “बघ, तुजा टावेल सेलम बघून आला.” राहीबाईही हसली होती. तेव्हा ती तरुण होती, पुढच्या खेपा पुष्कळ शिल्लक होत्या. सासू अंथरुणाला खिळली, मग दिराचं लग्न, मग विहीर, मग विश्वजीतची शाळा. शेवटी कृष्णात छातीत खोकला घेऊन कायमचा घरी आला आणि दुसरी जत्रा बघायच्या आत गेला. सेलममध्ये पाऊस कधी पडतो, तिथल्या बाया केसात काय माळतात, हे राहीबाईने त्याच्या तोंडूनच ऐकलं. पुढेपुढे तर तो सांगायचाही कंटाळला होता.

शाळेची मुलाखत मोबाइलवर झाली. रेश्माने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, पोरीला शेजारी बसवलं आणि ताठ बसली. तिकडे सेलमला विश्वजीत शाळेच्या बाईंच्या टेबलासमोर. राहीबाई गोठ्यात. म्हैस गाभण, दिवस भरत आलेले, तिला ओरडायची सवय लागली होती. आता ती हंबरली असती आणि सगळं फिसकटलं असतं तर राहीबाईला फार वाईट वाटलं असतं असं नाही. पण म्हशीने मान वर केली तशी तिने हिरव्या मक्याची पेंढी तिच्या तोंडात कोंबली. मुलाखत संपेपर्यंत मक्याचं एकेक धाट देत उभी राहिली.

आतून बाईंचा आवाज आला, मुलगी शाळेत रडली तर काय कराल, अशा अर्थाचा. राहीबाईचा हात मक्यावर थांबला.

“आय विल सिट विथ हर,” रेश्मा म्हणाली.

शाळा मिळाली. पारूबाईने सगळ्यांना गूळ दिला. रेश्मा राहीबाईच्या पाया पडली तेव्हा राहीबाईने तोंडाने आशीर्वाद दिला आणि मनात म्हटलं, गेली पोरं.

जत्रेला विश्वजीत आला. गाव माणसांनी भरलं. केरळातून, आसामातून, कुठून कुठून आलेल्या गाड्या देवळाच्या माळावर लागल्या. पालखी झाली, कुस्त्या झाल्या, पाहुणे जेवून गेले. निघायच्या आदल्या सकाळी विश्वजीत चुलीपुढे पाटावर जेवायला बसला होता. रेश्मा भाकरी करत होती.

“रेश्मा, मी काय म्हनतो,” तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “म्हस आज-उद्या व्यायला झालीया. आई एकली काय काय करंल? तुमी आत्ता ऱ्हावा. रेल्वेची तिकिटं तिघांची काढलीत, त्यातली दोन रद्द करतो. श्रावणात येतो न तुमाला न्हेतो.”

“आन् शाळा?”

“पुढच्या साली बघू की. पोरगी काय म्हातारी हुतीया व्हय?”

तव्यावरची भाकरी रेश्माने उलटलीच नाही. करपल्याचा वास आला तरी ती तव्याकडे बघत राहिली.

राहीबाई दाराशी बसून शेजारून आणलेल्या दह्याचं ताक घुसळत होती. इतके महिने मनात जे धरलं होतं ते न मागता पदरात पडत होतं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. सून आपल्याला बोल लावू शकली नसती, मुलगा तर आईच्या काळजीनेच बोलत होता. विश्वजीतचा आवाज बापासारखा आहे असं सगळे म्हणत. तिला आजवर कधी तसं वाटलं नव्हतं.

ताकातली रवी थांबली.

“म्हस कुनाची हाय रं?”

“तुजी.”

“मग तिचं बाळंतपन मी करंन. त्यात तुजी बायकू कशाला पायजे?”

“आये, तू एकली—”

“मी एकली कवा न्हवते? तुजा बाप होता तवाबी एकलीच हुते. मला सवय हाय त्याची. हिला लावू नगंस.”

विश्वजीतने बायकोकडे बघितलं, मग आईकडे. “आगं, मी तुज्यासाठीच म्हनत हुतो. श्रावणात न्हेतोच की.”

“तुजा बापबी लबाड न्हवता,” राहीबाई म्हणाली. “त्योबी न्हेनारच हुता.”

चुलीत लाकूड तडतडलं. पोरगी बाहेर जत्रेतली पिपाणी वाजवत होती. विश्वजीतने पाण्याचा तांब्या उचलला, पिताना बराच वेळ घेतला.

“बरं. न्हेतो उद्या.”

“न्हेतो म्हनू नगं. पेटी काढ माळ्यावरनं.” मग सुनेकडे वळून, “आन् ती भाकरी म्हशीला घाल. नवऱ्याला दुसरी कर. करपलेली खाऊन प्रवास करंल व्हय त्यो?”

दुपारी तिने खुंटीवरचा टॉवेल काढला, कढत पाण्यात साबण लावून चोळला आणि उन्हात टाकला.

रेश्मा म्हणाली, “आत्याबाई, ह्यो कशाला? कपाटात चांगला हाय की नवा.”

“ह्याला वाट ठावं हाय,” राहीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विट्याच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा गाव एकदमच परत निघालेला. पेट्या, तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या. मिरजेची गाडी वळून आत आली आणि थांबायच्या आधीच गर्दी दाराला भिडली. विश्वजीत पेट्यांपाशी, रेश्मा पोरीला कडेवर घेऊन मागे अडकलेली. राहीबाईने लुगड्याचा ओचा खोचला, गाडीच्या बाजूने धावली आणि टाचा उंच करून खिडकीतून टॉवेल आत फेकला. तो नीट सीटवर पडला.

दारातून चढलेला एक जाडजूड पाहुणा तिथं बसायला वाकला.

“ओ पावनं, टावेल दिसंना व्हय?”

“आज्जी, टावेल आधी का मानूस आधी?”

“टावेल. त्यो तुमच्या लय आधीपासनं हाय तितं.”

पाहुणा हसला आणि मागच्या सीटकडे सरकला. रेश्मा आली, बसली. पोरीला मांडीवर घेतलं. तिने टॉवेल गोळा करून खिडकीतून पुढं केला.

“आत्याबाई, घ्या.”

“ऱ्हाऊ दे. घाम पुसायला हुईल. जत्रंला येशील तवा आन.”

कंडक्टरने घंटी दिली. पोरीने पिपाणी वाजवली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत राहीबाई तिथंच उभी होती. दर जत्रेनंतर ती अशीच उभी राहत आली होती. फक्त या वेळी तिला उतरवून कोणी मागे ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी पायल वर्गाला जाता जाता दाराशी थांबली. “मावशी, येताय ना? आज आत चटईवर बसा. रेश्माताईंची जागा रिकामी आहे.”

“येते. हिचं उरकू दे,” राहीबाई गोठ्यातून म्हणाली.

म्हैस व्याली होती. रेडी झाली होती, काळीभोर, ओली, पाय लटपटत असलेली. म्हैस तिला चाटत होती. राहीबाई गुडघ्यावर बसली आणि सवयीने खुंटीकडे हात गेला. हात रिकाम्या खुंटीवर टेकला, थोडा वेळ तिथंच राहिला. टॉवेल आता मिरजेच्या पलीकडे गेला असेल.

तिने पदर सोडला आणि त्याने रेडीला पुसायला लागली. आधी डोळे, मग कान, मग पाठ.